पावसाळी कपाटासाठीच्या पुड्या, डबे आणि गोळ्या: काय घ्यावं, काय फळीवरच राहू द्यावं

जून लागला की मुंबईतल्या सुपरमार्केटमध्ये एक फळी हमखास भरते. तिच्यावर पारदर्शक मण्यांच्या पुड्या, खाली पाणी साठणारे डबे, हँगरला लटकवायच्या पिशव्या, डांबर गोळ्या आणि कापराच्या वड्या शेजारीशेजारी असतात. बहुतेकांवर ‘ओल’, ‘कुबट वास’ आणि ‘बुरशी’ हे तीन शब्द मोठ्या अक्षरात छापलेले असतात. प्रत्यक्षात यातल्या निम्म्या वस्तू ओलीचं काहीच करत नाहीत, आणि ज्या करतात त्यांच्या कामाच्या पद्धती एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. म्हणून पाकीट हातात घेतलं की पहिला प्रश्न असा विचारावा: पाणी शोषल्यावर आतला पदार्थ तोच राहतो की दुसरा होतो? आणि तोच राहत असेल, तर पाणी परत बाहेर काढायला किती उष्णता लागते? वस्तू पुन्हा वापरता येईल का, कुठे ठेवावी आणि ती कशी बिघडेल, हे बरंचसं या उत्तरावर ठरतं.

आधी थोडा हिशोब. जुलै-ऑगस्टात मुंबईची सापेक्ष आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास असते. 28 अंशांना इतक्या दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे 23 ग्रॅम पाण्याची वाफ मावते. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल लोखंडी कपाटाचं आकारमान साधारण 0.8 घनमीटर भरतं. म्हणजे कपाटातल्या हवेत जेमतेम 18-19 ग्रॅम पाणी असतं. ही हवा 55 टक्क्यांवर आणायला सहा-सात ग्रॅम पाणी काढलं तरी पुरतं. मग डबे महिनाभरात अर्धा लिटर पाणी कुठून गोळा करतात? कपड्यांतून. सुती कापड 65 टक्के आर्द्रतेत स्वतःच्या वजनाच्या सुमारे आठ टक्के पाणी धरून ठेवतं, तर 85 टक्क्यांना अकरा-बारा टक्के. कपाटात दहा किलो सुती कपडे असतील तर हा फरक तीन-चारशे ग्रॅमचा होतो. त्यात दार उघडलं की नवी हवा आत येते. कपाट पावसाच्या बाजूच्या भिंतीला टेकलेलं असेल आणि भिंत पाझरत असेल, तर कुठलाच डबा पुरा पडत नाही. अशा वेळी खरेदीच्या आधी कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढावं. हा उपाय फुकटचा आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगीही.

सिलिका जेल

या फळीवरची सगळ्यात प्रामाणिक वस्तू हीच. मणी दिसायला काचेसारखे असले तरी आतून सूक्ष्म छिद्रांनी भरलेले असतात, आणि पाण्याचे रेणू त्या छिद्रांच्या भिंतींना चिकटून बसतात. सिलिका सिलिकाच राहते, पाणी पाणीच राहतं. मणी ओलसर लागत नाही, फुगत नाही, त्यातून काही गळत नाही. पूर्ण दमट हवेत तो स्वतःच्या वजनाच्या 35 ते 40 टक्के पाणी धरतो. पण कपाटात आपल्याला 55-60 टक्के आर्द्रता हवी असते आणि तिथे 100 ग्रॅम मणी 25 ग्रॅमच्या आसपास पाणी घेऊन थांबतात. मग चपलेच्या खोक्यातून निघणारी दोन-पाच ग्रॅमची पुडी कपड्यांच्या कपाटात टाकून काय होणार? ती बघता बघता भरून जाईल. लोखंडी कपाटासाठी निदान अर्धा किलो मणी लागतील आणि तेही दर आठवड्या-दोन आठवड्यांनी भाजावे लागतील. म्हणून कपाटासाठी सिलिका जेलला आमचं मत नाही.

घट्ट झाकणाच्या डब्यासाठी मात्र याला तोड नाही. कॅमेरा, लेन्स, कानाचं यंत्र, टपाल तिकिटं, जुने फोटो, औषधाच्या गोळ्यांची बाटली, बियाणं यांसाठी हेच वापरावं. 20 लिटरच्या हवाबंद डब्यातल्या हवेत अर्धा ग्रॅमदेखील पाणी नसतं. झाकणाचं रबर नीट असेल तर 50 ग्रॅम मणी सगळा पावसाळा काढतात. आठ दिवसांत मण्यांचा रंग बदलला तर दोष मण्यांत नसून झाकणात आहे, हे समजून जावं.

रंगाचंही नीट पाहून घ्या. पांढरे किंवा पारदर्शक मणी भरले की कोरडे हे डोळ्यांना कळत नाही. निळ्या मण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, पाणी मिळालं की ते गुलाबी होतं. केशरी मणी भरले की हिरवट पडतात. निळे घरात आणू नयेत. कोबाल्टची संयुगं कर्करोगाच्या दृष्टीने संशयित मानली जातात आणि मण्यांची भुकटी श्वासावाटे आत जाऊ शकते. केशरी सहज मिळतात, तेच घ्यावेत. एक गंमत अशी की मणी पाणी धरतो तो बदल भौतिक असतो, पण त्यावरचा निळा रंग गुलाबी होतो तो रासायनिक. कोबाल्ट क्लोराइड पाण्याचे रेणू स्फटिकात घेऊन वेगळं संयुग बनतं. तरीही मणी तापवले की ते पुन्हा निळं होतं. रासायनिक बदल उलटवता येत नाही असं शाळेत पाठ केलेलं असतं, ते या पुडीपुढे टिकत नाही.

भाजण्याची पद्धत अशी. मणी पुडीतून काढा, कारण पुडीचं कापड बऱ्याचदा प्लॅस्टिकचं असतं आणि वितळतं. स्टीलच्या ताटात एक सेंटिमीटरपेक्षा जाड थर देऊ नका. ओव्हन 110 ते 120 अंशांवर दोन तास. ओव्हन नसेल तर जाड बुडाचं पातेलं, मंद आच, वीसेक मिनिटं, अधूनमधून हलवत. आच वाढवली तर केशरी रंग जळून तपकिरी पडतो, आणि मग मणी कोरडे असूनही खूण दाखवत नाहीत. भाजताना भांडं फक्त याच कामाचं असावं. थंड व्हायच्या आत काचेच्या बरणीत भरून झाकण लावा, कारण उघड्यावर निवणारे मणी मुंबईच्या हवेतून तेवढ्या वेळात पुन्हा पाणी घेऊ लागतात. सगळ्यात खात्रीचं माप म्हणजे वजनकाटा: नवीन असताना बरणीवर वजन लिहून ठेवा, भाजल्यावर तेवढंच भरलं की झालं. जुलैत उन्हात वाळवायच्या फंदात पडू नका. हवाच दमट असते, मणी आहे तसेच परत येतात.

सुटे केशरी मणी किलोने हवे असतील तर प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या रसायनांच्या दुकानांत विचारावं. सुपरमार्केटमधल्या छोट्या पुड्यांच्या तुलनेत ग्रॅममागचा भाव तिथे बराच कमी पडतो.

खाली पाणी साठणारे डबे

वर जाळीच्या खणात पांढरे खडे, खाली रिकामी जागा. खडे कॅल्शियम क्लोराइडचे. दमट हवेत हे मीठ स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त पाणी ओढतं, म्हणजे 300 ग्रॅमच्या डब्यात सहाशे मिलिच्या पुढे द्रावण साठू शकतं. कपड्यांच्या कपाटासाठी या फळीवर घेण्यासारखी वस्तू हीच आहे. हिची ताकद एका भौतिक गुणधर्मात आहे: सापेक्ष आर्द्रता साधारण 30 टक्क्यांच्या वर गेली की कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी घेऊन स्वतःच त्यात विरघळू लागतं. मुंबईत पावसाळ्यात ते कधी थांबतच नाही. स्वयंपाकाच्या मिठाची हीच मर्यादा 75 टक्के आहे. म्हणूनच मे महिन्यात बरणीतलं मीठ बऱ्यापैकी सुटं असतं आणि जुलैत त्याला पाणी सुटतं. कपाटात मिठाची वाटी ठेवायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिलेला असतो. ती वाटी कपाट 75 टक्क्यांच्या खाली आणूच शकत नाही, आणि बुरशीला तर 70 टक्के आर्द्रता काही दिवस टिकली तरी पुरते.

खडा विरघळतो तो बदल भौतिक की रासायनिक, यावर पुस्तकांचंही एकमत नाही. आधी पाण्याचे रेणू स्फटिकात शिरतात, नवे हायड्रेट तयार होतात, चांगली उष्णता बाहेर पडते, आणि मग सगळंच विरघळतं. व्यवहारात एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे की साठलेलं पाणी आटवून खडे परत मिळवायचे तर 200 अंशांच्या वर जावं लागतं. वाटेत द्रावण तडतडून अंगावर उडतं आणि भांडं खराब होतं ते वेगळंच. ते करू नये. डबा एकदाच वापरायचा, किंवा खडे वेगळे विकत आणून तोच डबा पुन्हा भरायचा. दुसरा मार्ग स्वस्त पडतो आणि प्लॅस्टिकही वाचतं. आणलेल्या खड्यांची पिशवी उघडी ठेवली तर ती आठवडाभरात लगदा होते, त्यामुळे लगेच हवाबंद बरणीत भरा.

या डब्यांच्या बहुतेक तक्रारी वापरण्याच्या चुकीतून येतात. वरची चांदीसारखी फॉइल काढायची असते, पण तिच्या खालचा पांढरा पातळ पडदा काढायचा नसतो. तो वाफ आत घेतो आणि पाणी बाहेर सोडत नाही. तो फाडला आणि डबा कलंडला की संपलं. द्रावण तेलकट असतं आणि वाळतच नाही, कारण ते सतत हवेतून पाणी घेत राहतं. कापडावर पडलं तर कोरड्या फडक्याने टिपून न थांबता भरपूर साध्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून काढावं. चामड्याला लागलं तर ते आकसतं आणि कडक होतं. लोखंडी फळीवर सांडलं तर तिथे गंज वेगाने चढतो. तेव्हा डबा कपाटाच्या तळाला, प्लॅस्टिकच्या खोलगट ताटलीत, आणि पैठणीच्या खणाच्या वर तर कधीच नाही. लटकवायच्या पिशवीत मीठ हेच असतं, पण पिशवी खालच्या कपड्यांना टेकली की वाफ घेणारी बाजू झाकली जाते आणि शिवण उसवण्याचा धोकाही राहतो. आमची पसंती बसक्या डब्याला.

अख्ख्या खोलीसाठी हा डबा घेऊ नका. 120 चौरस फुटांच्या खोलीतल्या हवेत एकाच वेळी सातशे ग्रॅम पाणी असतं आणि खिडकी उघडी असेल तर ते क्षणोक्षणी भरलं जातं. डबा तिथे फक्त स्वतः भरतो, खोलीला पत्ताही लागत नाही.

भरलेला डबा रिकामा करताना हातमोजे घाला, द्रावण भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा, कुंड्यांत ओतू नका. झाडांना ते मिठासारखंच मारतं.

डांबर गोळ्या आणि कापूर

या दोन्ही ओल अजिबात शोषत नाहीत. पाकिटावर पावसाचे थेंब काढलेले असले तरी यांचं काम कसर आणि झुरळांना दूर ठेवण्याचं. गोळी लहान होत जाते ते संप्लवन: घनाची थेट वाफ, मधे द्रव नाही. पदार्थ तोच असतो, फक्त कपाटातून तुमच्या श्वासात जातो. त्यामुळे ‘गोळी संपली’ म्हणजे ती शोषली गेली असं नव्हे, तर ती कपड्यांत आणि खोलीच्या हवेत गेली. कापूर कपाटात उडतो तो बदल भौतिक, आरतीत जळतो तो रासायनिक. पहिल्यात वास उरतो, दुसऱ्यात काजळी.

गोळ्या दोन प्रकारच्या मिळतात. नॅफ्थॅलीन 80 अंशांना वितळतं, पॅराडायक्लोरोबेंझीन 53 अंशांना. दुकानात दोन्हींना डांबर गोळ्याच म्हणतात आणि सुट्या गोळ्यांवर काही लिहिलेलं नसतं. ओळखायची घरगुती रीत घनतेवर चालते. एका ग्लासात साधं पाणी घ्या. दुसऱ्या ग्लासात 100 मिलि पाण्यात 36-37 ग्रॅम मीठ, म्हणजे तळाला थोडं न विरघळता उरेल इतकं, ढवळून संपृक्त द्रावण करा. साध्या पाण्यात तरंगला तो कापूर. साध्या पाण्यात बुडून मिठाच्या पाण्यात वर आलं ते नॅफ्थॅलीन. दोन्हींत तळाशी गेलं ते पॅराडायक्लोरोबेंझीन. गोळी टाकताना तिला चिकटलेले हवेचे बुडबुडे चमच्याने झटकून घ्या, नाहीतर उत्तर चुकतं.

हे ओळखायचं कशाला? एकतर दोन्ही प्रकार एकाच खणात ठेवायचे नसतात. त्यांची वाफ एकमेकींत मिसळली की मिश्रणाचा वितळबिंदू खूप खाली येतो, गोळ्या पाझरतात आणि कपड्यांवर तेलकट डाग पडतात. दुसरं, पॅराडायक्लोरोबेंझीनच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतात, पॉलिस्टायरीनची बटणं आणि ठिसूळ हँगर चिकट होतात. तिसरं आणि महत्त्वाचं: जी6पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांमध्ये नॅफ्थॅलीनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. बाळंतविड्याचे कपडे आणि दुपटी या गोळ्यांत ठेवू नयेत, ठेवलीच असतील तर धुऊन, वारं लावून, वास पूर्ण गेल्याशिवाय बाळाला घालू नयेत. गोळ्या पेढ्यांसारख्या दिसतात हा धोका वेगळाच. कसरीसाठी काही हवंच असेल तर आमचं मत कापराच्या बाजूने, तोही लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा, कारण गिळला तर कापूरही विषारी आहे.

पाकिटांतल्या अनोळखी पुड्या

सुकामेवा, खाकरे, मिठाईच्या डब्यांतून निघणाऱ्या पुड्या साठवून कपाटात टाकायची सवय अनेक घरांत असते. त्यातल्या सगळ्याच ओल शोषत नाहीत. पुडीवर लोहचुंबक लावून पाहा. चिकटलं तर आत लोखंडाची पूड आहे आणि तिचं काम ऑक्सिजन खाणं. लोखंड, थोडं मीठ आणि ओल एकत्र आली की गंज चढतो, आणि गंजताना एक ग्रॅम लोखंड सुमारे 300 मिलि ऑक्सिजन घेतं. खाऊचं पाकीट फोडल्यावर अशी पुडी हाताला कोमट लागते, काही तासांत तिचं काम संपतं. हा बदल चुलीवर उलटत नाही, गंजाचं लोखंड करायला भट्टीच लागते. कपाटात तिचा उपयोग शून्य. मणी जाणवले आणि चुंबक चिकटलं नाही तर बहुधा सिलिका जेल, ती भाजून वापरा.

कळीचा चुना शोषक म्हणून वापरतात तोही रासायनिक रस्त्याने चालतो. 56 ग्रॅम कळीचा चुना 18 ग्रॅम पाणी घेऊन विरलेला चुना होतो. क्षमता सिलिका जेलच्या आसपासच, पण तो परत मिळवायचा तर 500 अंशांच्या वर तापवावा लागतो. शिवाय ओल लागल्यावर तापतो, आणि डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. घरात नकोच. पानाच्या डबीतला चुना आधीच विरलेला असतो, त्याची वाटी ठेवून काही मिळत नाही.

तांदळाची पुरचुंडी मिठाच्या बरणीत ठीक, कपाटात नाही. खायच्या सोड्याची डबी ओल घेत नाही, पण घामाच्या आंबट वासातल्या आम्लांशी तिची अभिक्रिया होते, म्हणून बुटांच्या खणात ती चालते. महिन्याने बदलावी.

चांदीच्या खणासाठी

गौरी-गणपतीला बाहेर काढायची चांदी पावसाळ्यात काळी पडते ती ओलीने थेट नव्हे. हवेतल्या गंधकाच्या वायूंशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइड बनतं, दमटपणा त्याला हातभार लावतो. घट्ट पिशवी आणि सिलिका जेलची पुडी यांनी ते बरंच लांबतं. काळी पडल्यावर घासायच्या पावडरी चालतात, पण त्यातल्या खरखरीत भुकटीने सल्फाइडबरोबर चांदीचा थरही खरवडला जातो, नक्षी पुसट होते. त्यापेक्षा पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, चांदी तिला टेकेल अशी ठेवा, वर एक लिटर उकळतं पाणी आणि दोन मोठे चमचे खायचा सोडा. गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी जागच्या जागी परत मिळते. पाच मिनिटांत कुजक्या अंड्यासारखा हलका वास येतो, तो काम होत असल्याचा. फॉइलला न टेकलेला भाग काळाच राहतो, म्हणून वस्तू फिरवून घ्या. मोती, खडे, लाखेने भरलेले दागिने आणि मुद्दाम काळी नक्षी केलेल्या वस्तू यात घालू नका.

आर्द्रतामापक

या सगळ्यापेक्षा आधी घ्यावी अशी वस्तू म्हणजे छोटा डिजिटल आर्द्रतामापक. स्वस्त यंत्रं पाच टक्क्यांनी इकडेतिकडे दाखवतात, पण तपासायला मीठच उपयोगी पडतं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर ओल्या वाळूसारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब टाका, ते आणि मापक झिपच्या पिशवीत बंद करून दहा-बारा तास ठेवा. आकडा 75 यायला हवा. 79 आला तर पुढच्या प्रत्येक वाचनातून चार वजा करायचे. मापक कपाटाच्या मधल्या खणात ठेवून दार दिवसभर बंद ठेवा. 65 च्या खाली असेल तर काहीच घेऊ नका. 65 ते 80 असेल तर तळाला 300 ग्रॅमचे दोन डबे. त्याच्या वर असेल तर आधी भिंत पाहा, आणि कपडे इस्त्री करून पूर्ण निवल्यावरच आत ठेवा, कारण गरम कापडातून उरलेली वाफ बंद कपाटातच सुटते.